तुमचे अल्लीपूरचे रविवार

बाबा,

आपल्या देशातला एक माणूस यंदा अंतराळातल्या स्थानकावर जाऊन आला. आणखी तिघांसोबत यानात बसला, दोन-अडीच आठवडे वर राहिला आणि समुद्रात उतरून सुखरूप परतला. तुम्ही असता तर त्या दिवसांत घरात दुसरा विषय निघू दिला नसता. भाजीवाल्यालाही थांबवून सांगितलं असतं. मला मात्र त्या माणसाचं कौतुक वाटायला दोन दिवस लागले. कारण उड्डाणाच्या आधी टीव्हीवर त्याच्या यानाची बातमी सांगता सांगता मध्येच अमेरिकेतला नियंत्रण कक्ष दाखवला, आणि तिथे दुसऱ्या रांगेत, कानाला हेडफोन लावून, समोरच्या पडद्याकडे बघत तुमची अल्लीपूरची पोरगी बसली होती. केस पिकलेत. चष्मा लागलाय. पण विचार करताना खालचा ओठ दातात धरायची सवय तीच. चार सेकंद दिसली असेल. मी कणकेने भरलेले हात तसेच धरून उभी राहिले आणि बाबा, चोपन्नाव्या वर्षी, शाळेतल्या नोकरीची चार वर्षं उरलेली असताना, माझ्या मनात तेच उठलं जे तेराव्या वर्षी उठायचं.

दुसऱ्या दिवशी पेपरात आलं. ‘अल्लीपूरच्या लेकीची भरारी’ असा मथळा, तिचा फोटो, आणि खाली तुमचं नाव. शेतकऱ्याच्या या मुलीला वर्ध्याच्या एका विज्ञान शिक्षकाने स्वतःच्या घरी ठेवून शिकवलं, असं लिहिलं होतं. मी ती बातमी तीनदा वाचली. पहिल्यांदा तिच्यासाठी, दुसऱ्यांदा तुमच्यासाठी. तिसऱ्यांदा मी स्वतःला शोधत होते. त्या घरात एक तेरा वर्षांची मुलगी अजून होती, तिने आपल्या खोलीतला अर्धा पलंग दिला होता, असं कुठेतरी असेल म्हणून. नव्हतं.

ती आपल्याकडे कशी आली ते मला अजून नीट आठवतं. हिंगणघाटला विज्ञान प्रदर्शन होतं आणि तुम्ही परीक्षक म्हणून गेला होता. परत आलात ते चपला न काढताच आईला सांगायला लागलात. अल्लीपूरची एक पोरगी आहे, सातवीतली. सायकलच्या पंपापासून फवारा बनवून आणला. फवारा काही चालला नाही, पण तो का चालला नाही हे तिने इतकं बराबर सांगितलं की ज्यांचे चालले त्यांना तसं सांगता आलं नाही. तुम्ही तिच्या गावी गेलात, तिच्या बाबांना भेटलात, वर्ध्याच्या शाळेत चांगली प्रयोगशाळा आहे, पोरगी माझ्या घरी राहील, असं सांगून आलात. जूनमध्ये ती आली. एक पत्र्याची पेटी, दोन वेण्या, आणि आईसाठी तुरीच्या डाळीची पिशवी. आईने तिला अल्लीपूरवाली म्हणायला सुरुवात केली आणि मग तेच नाव पडलं. पहिल्या दिवशी मला ती आवडली होती, हेही सांगून ठेवते. आम्ही दोघी एकाच वर्गात, एकाच बाकावर बसायचो. रात्री तिला आईची आठवण यायची तेव्हा मी तिला माझी गोधडी दिली आहे.

मग तो जेवणाचा दिवस आला. तुम्हाला तो आठवत असेल तर वेगळ्या कारणासाठी आठवत असेल. त्या वर्षीही आपला एक माणूस असाच वरच्या स्थानकावर जायचा होता, रशियाच्या यानातून, आणि तुम्ही महिनाभर आधीपासून हवेत होता. आई स्टोसमोर भाकरी थापते आहे. आम्ही दोघी तुमच्या समोर बसलो आहोत. तुम्ही विचारता, “सांगा बरं, थे स्थानक वरतं फिरून राह्यलं, तं खाली काऊन नाई पडत?” मी लगेच सांगते. पुस्तकातली व्याख्या, एकही शब्द न चुकता, अभिकेंद्री बल वगैरे. मी ती आदल्या दिवशी मुद्दाम पाठ केली होती. तुम्ही मान हलवता. “बराबर आहे. पण हे पुस्तकानं सांगतलं. तुले काय वाटते थे सांग नं.” मला काय वाटते? मला वाटत होतं की तुम्ही शाबास म्हणावं. मी पुन्हा भाकरी मोडायला लागते. मग ती, ओठ दातात धरून बराच वेळ ताटाकडे पाहते आणि म्हणते, “सर, थे पडतच असन. पण जमीन गोल आहे ना. थे जेवढं खाली येते तेवढीच जमीनबी खाली वाकत जाते. म्हून टेकतच नाई.”

तुम्ही हातात भाकरीचा तुकडा घेऊन उठून उभे राहिलात. हसलात. साधं हसणं नाही, खांदे हलवून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत. आईला म्हणालात, “ऐकलं काय वं? आठवीतली पोरगी सांगून राह्यली!” माझ्यासाठी तुम्ही तसं कधी हसला नव्हता, आणि नंतरही हसला नाहीत. माझा सगळ्या विषयांत पहिला नंबर यायचा. तुम्ही प्रगतिपुस्तकावर सही करायचात आणि म्हणायचात, “छान.” मी त्या दिवशी अर्धी भाकरी ताटात टाकून उठले. आईने विचारलं तर पोट दुखतं म्हणून सांगितलं.

तो माणूस स्थानकावर पोचला तेव्हा आमची वार्षिक परीक्षा चालू होती. नागपूरच्या कोणा मित्राकडून तुम्ही माहिती काढून आणली की अमुक दिवशी सूर्य मावळल्यावर ते स्थानक आपल्या आकाशातून जाणार आहे, ताऱ्यासारखं दिसेल. वर्ध्यात दिवे फार, केळझरच्या गणपतीच्या टेकडीवरून पाहू, असं तुम्ही ठरवलं. तुम्ही आधी मला विचारलंत, हे मान्य आहे. मी म्हटलं, “उद्या पेपर आहे माझा.” बाबा, मी ते का म्हटलं असेल? मला वाटलं तुम्ही आग्रह कराल. पेपर गेला खड्ड्यात, चल, म्हणाल. तुम्ही म्हणालात, “बरं, अभ्यास कर मग.” आणि तिला घेऊन गेलात. पेपर तर तिचाही होता. आठच्या बसने तुम्ही दोघं परत आलात तेव्हा मी ओसरीवर पुस्तक उघडं धरून बसले होते. एक पान उलटलं नव्हतं. “दिसलं?” मी विचारलं. तुम्ही म्हणालात, “कायचं दिसते! ढग आले पश्चिमेले.” आणि दोघंही हसायला लागलात. काहीच दिसलं नाही तरी तुम्ही इतके खूश होतात. ते स्थानक दिसलं असतं आणि तुम्ही खूश होऊन आला असता तर मला समजलं असतं. न दिसण्यातही तुमची मजा झाली, हे मला सोसलं नाही.

आता मी जे लिहिणार आहे ते चाळीस वर्षांत कोणाला सांगितलं नाही. माझ्या नवऱ्यालाही नाही.

दिवाळी होऊन पंधरा दिवस झाले असतील. आम्ही नववीत होतो. तुम्ही पेपर तपासायला नागपूरला गेला होता, आई शेजारी हळदीकुंकवाला, आणि ती शाळेत प्रयोगशाळेच्या कपाटांची सफाई करायला थांबली होती. तुम्हीच तिला ते काम दिलं होतं, किल्लीही तिच्याकडेच होती. मी घरी एकटी. तिचे बाबा आले. अल्लीपूरहून कापूस घेऊन आले होते, बैलगाडी मोकळी केली आणि पोरीला भेटायला आले. मी त्यांना पाणी दिलं. त्यांनी गळ्यातल्या दुपट्ट्याने तोंड पुसलं आणि सहज विचारलं, “काय वं माय, माही पोरगी बराबर अभ्यास करून राह्यली ना?”

मी म्हटलं, “काका, ती शाळेतून लवकर येत नाही. स्टँडवर थांबते. एक मुलगा असतो तिथे.”

एवढंच. तीन वाक्यं. ठरवून बोलले नव्हते, पण तोंडातून निघाल्यावर परत घ्यावीशी वाटली नाहीत. त्यांनी पेला खाली ठेवला. ती आल्यावर म्हणाले, “पेटी भर.” ती म्हणाली, “काऊन, बाबा?” ते ओसरीवर पाठ करून उभे राहिले. तिने माझ्याकडे पाहिलं, मी वहीत काहीतरी लिहायला लागले. प्रयोगशाळेची किल्ली तिने माझ्या टेबलावर ठेवली, आणि गेली. त्या रात्री पूर्ण पलंग माझा होता.

तुम्ही परत आलात, चेहरा उतरला. मला विचारलंत, “काही म्हणे काय थो? काही झालं होतं काय?” मी म्हटलं, “नाही. शेतीच्या कामाला माणूस पाहिजे म्हणाले.” तुम्ही माझ्याकडे थोडा वेळ पाहिलंत आणि आत गेलात. मला वाटलं, आता सगळं पहिल्यासारखं होईल. रविवारी तुम्ही मला घेऊन बसाल, प्रश्न विचाराल, मी विचार करून उत्तर द्यायला शिकेन. पण पहिल्याच रविवारी तुम्ही सकाळची बस पकडून अल्लीपूरला गेलात. दुसऱ्या रविवारी पुन्हा. तिसऱ्या रविवारी पिशवीत पुस्तकं होती. तिचे बाबा तिला पाठवायला तयार नव्हते, म्हणून तुम्ही तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून तिला शिकवायला लागलात. मे महिन्याच्या उन्हातसुद्धा, डोक्याला ओला रुमाल बांधून. आई चिडायची. “स्वतःची लेक घरी बसली आहे आणि हा माणूस गावोगाव फिरून राह्यला!” मी आईला गप्प करायचे. मी कोणत्या तोंडाने तक्रार करणार होते? ती घरात होती तेव्हा तुमचे निम्मे रविवार तरी माझे होते. मी तिला घालवली आणि सगळे गेले.

जूनमध्ये ती परत शाळेत आली. एक वर्ष वाया गेल्यामुळे माझ्या मागच्या वर्गात बसली, आणि राहायला आपल्याकडे नाही, रामनगरला तिच्या मावशीकडे. मला ती भेटली की हसायची, “कसी आहेस?” विचारायची. मला कळत नव्हतं हिला माहीत आहे की नाही. मी दहावी झाले तेव्हा तुम्ही मला नवं मनगटी घड्याळ आणलं, पगारातून पैसे बाजूला टाकून. पुढच्या वर्षी ती दहावी झाली, तेव्हा तिला तुमची जुनी सरकपट्टी दिली, ती आकडेमोडीची, कोपरा तुटलेली, जिला मला कधी हात लावू दिला नव्हता. माझं घड्याळ सगळ्या मैत्रिणींनी पाहून घेतलं. मी मात्र त्या तुटक्या पट्टीसाठी आठ दिवस धड जेवले नाही.

पुढचं तुम्हाला माहीत आहे. ती नागपूरला इंजिनिअरिंगला गेली, तिथून पुढे, तिथून अमेरिकेला. मी बी.एस्सी. केलं, बी.एड. केलं, वर्ध्यातच शाळेत लागले, तुमचेच विषय शिकवायला घेतले. तुमच्या शेवटच्या आजारपणात दोन महिने मी रजा काढून दवाखान्यात होते. मुगाचं पाणी चमच्याने पाजत होते. एका दुपारी तुम्ही डोळे उघडलेत, माझ्याकडे पाहिलंत आणि विचारलंत, “तिचं पत्र आलं काय?” मी म्हटलं, “आलंय, बाबा, उद्या आणते.” पत्र आलं नव्हतं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून म्हटलं, असं मी सगळ्यांना सांगत आले. खरं म्हणजे ‘नाही आलं’ हे शब्द मला इतक्या आनंदाने म्हणावेसे वाटले की मलाच माझी भीती वाटली.

तर यंदाचं यान. तारखा कितीतरी वेळा पुढे गेल्या. शेवटी उड्डाणाचा दिवस ठरला तेव्हा आमच्या शाळा नुकत्याच उघडल्या होत्या. भर दुपारची वेळ होती, म्हणून मुख्याध्यापक बाईंनी सभागृहात पडदा लावून सगळ्या मुलांना बसवलं आणि मला म्हणाल्या, “मॅडम, तुम्ही समजावून सांगा. तुमच्याच घरी शिकली ना ती?” यान उडालं, मुलं बाकांवर उभी राहून ओरडली. सातवीतल्या एका मुलीने हात वर केला आणि विचारलं, “मॅडम, ते स्थानक खाली का नाही पडत?” मला उत्तर यायला क्षणही लागला नाही. “ते पडतच असतं,” मी म्हटलं. “पण ते जेवढं खाली येतं तेवढीच जमीन खाली वाकत जाते. म्हणून ते टेकत नाही.” पोरांचे डोळे मोठे झाले. बाई म्हणाल्या, “किती सोपं करून सांगितलंत हो!” मी म्हटलं, “सवय आहे.” हे उत्तर कोणाचं आहे ते मी सांगितलं नाही. गेली तीस वर्षं दर वर्षी मी ते मुलांना सांगते आहे आणि एकदाही सांगितलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी यान स्थानकाला जोडायचं होतं. ते मी वर्गात फोनवर लावलं, टेबलाला टेकवून, पोरं भोवती दाटीने. दोन्ही वस्तू ताशी अठ्ठावीस हजार किलोमीटरने धावत असतात, बाबा, पण एकमेकींच्या जवळ येताना इतक्या हळू येतात की आपल्याला वाटावं थांबल्याच आहेत. तेच तिचं काम. शेवटच्या टप्प्यात अंतर, वेग, कोन सरळ आहे की नाही, यावर नजर ठेवणारे जे मोजके लोक, त्यांतली ती एक. कॅमेऱ्याने तिला पुन्हा दाखवलं. आणि त्या वेळी माझ्या मनात आलं ते लिहिते. मला वाटलं, चुकू दे. फार नाही, थोडंसं. कोन चुकू दे, यान मागे घ्यावं लागू दे, आणि तिचा चेहरा सगळ्या जगासमोर पडू दे. त्या यानात चार माणसं होती. त्यांचे आईवडील, मुलंबाळं कुठेतरी अशीच श्वास रोखून बसली असतील. आणि मी वर्ध्यात, सातवी ‘ब’च्या टेबलाशी उभी राहून एका बाईच्या पडलेल्या चेहऱ्याची वाट पाहत होते.

यान जोडलं गेलं. पोरांनी टाळ्या वाजवल्या. कक्षातले लोक उठून एकमेकांचे हात हातात घेत होते. ती खुर्चीतच बसून होती, चष्मा काढून डोळे पुसत होती. मी टाळ्या वाजवल्या, पण सगळ्यांच्या नंतर. मग प्रसाधनगृहात जाऊन तोंड धुतलं आणि आरशात पाहिलं नाही.

ती हिवाळ्यात आली. अल्लीपूरला तिचा सत्कार होता, तो आटोपून दुसऱ्या दिवशी दुपारी आमच्याकडे आली, पिपरी मेघेला. आम्ही तिथे घर बांधलंय, तुम्ही गेल्यावर. फोनवर तिने एवढंच सांगितलं होतं, “अंबाडीची भाजी कर. आन् ज्वारीची भाकर. बाकी काई करू नको.” माझा नवरा बँकेच्या कामाला गेला होता. मी दार उघडलं. ती उंबऱ्यात उभी राहून माझ्याकडे पाहत राहिली आणि म्हणाली, “काऊन वं, असी काय पाहून राह्यली? मीच आहे.” बाबा, तीस वर्षं अमेरिकेत राहून तिने आपली बोली जशीच्या तशी ठेवली आहे. माझी तर बी.एड.लाच गेली. मुलांसमोर, बाईंसमोर, नवऱ्यासमोर मी पुस्तकातलं बोलते. तुमचं बोलणंसुद्धा तीच घेऊन गेली, असं मला दारातच वाटलं.

ती सरळ स्वयंपाकघरात आली. मी भाकरी थापत होते, ती ओट्याला टेकून लसूण सोलत होती. यानाबद्दल मीच विचारलं, दुसरं काय विचारावं ते सुचेना म्हणून. ती म्हणाली, “तुले सांगू? शेवटच्या वीस मीटरले कायजी वाटली. आकडे सगळे बराबर होते, तरीबी.” मी म्हटलं, “तुला कसली काळजी. तुझं कधी चुकलं नाही.” ते मी प्रेमाने म्हटलं नव्हतं आणि तिला ते कळलं. तिने लसणाची पाकळी खाली ठेवली.

“माह्यावर अजून राग आहे तुहा,” ती म्हणाली.

“राग कशाला असेल?”

“मले सगळं माहीत आहे वं. स्टँडवरचा मुलगा. बाबानं त्याच दिवशी बैलगाडीत सांगतलं.”

तव्यावर भाकरी होती. मी ती उलटली नाही, ती करपली. चाळीस वर्षं मी ज्याला घाबरत होते ते तिने लसूण सोलता सोलता सांगून टाकलं. मी कसंबसं विचारलं, “आणि माझ्या बाबांना?”

“सराईलेबी माहीत होतं. पहिल्याच रविवारी.”

तिने सांगितलं ते असं. तुम्ही पहिल्या रविवारी अल्लीपूरला गेलात आणि तिच्या बाबांना कारण विचारलंत, तेव्हा त्यांनी तोंडावर सांगितलं, “तुमच्याच पोरीनं सांगतलं, सर.” ती दाराआड उभी होती. तुम्ही म्हणालात, “माह्या पोरीनं खोटं सांगतलं. तुमची पोरगी माह्या प्रयोगशाळेत होती, किल्ली मीच देल्ली होती.” तेव्हा तिचे बाबा म्हणाले, “मंग तं अजूनच नाई पाठवत. तुमच्या घरातच तिचं कोणी नाई, तं कोणाच्या भरोशावर ठेवू?” म्हणून ते जूनपर्यंतचे रविवार. शिकवायचं तर होतंच, पण त्या माणसाचा विश्वास परत मिळवायला तुम्ही जात होता. आणि शेवटी त्यांनी तिला पाठवलं ते मावशीकडे, तुमच्या शब्दावर.

बाबा, हे ऐकून मला रडू यायला हवं होतं, लाज वाटायला हवी होती. दोन्ही झालं, पण नंतर. पहिल्यांदा काय वाटलं सांगू? हेवा. मी ज्याला माझं एकटीचं पाप समजून इतकी वर्षं वागवलं, ते तुमचं आणि तिचं गुपित होतं. वीस वर्षं तुम्ही दोघं ते एकमेकांत ठेवून होता आणि मी बाहेर. मला रागावला असता तर ते रागावणं तरी माझं असतं. मी तिला म्हटलंसुद्धा, “मला का नाही बोलले ते? एकदा तरी कानफटात मारायची.”

तिने लसणाची सालं गोळा केली. “त्या रविवारी परत जाताना सर मले गावच्या स्टँडपर्यंत घेऊन गेलते,” ती म्हणाली. “बसची वाट पाहून राह्यलो होतो. मी रडत होती, तुले शिव्या देत होती. सर म्हणे, तिले कधी विचारू नको. थे माही लेक आहे. तुह्याकडं पाह्यता पाह्यता माहं तिच्याकडं पाह्यनंच राहून गेलं.”

मी गॅस बंद केला. आम्ही दोघी त्या करपलेल्या भाकरीसकट जेवलो. तिने अंबाडीची भाजी दोनदा घेतली. जाताना तिने मला मिठी मारली. मी तिला सांगितलं की तिचं ते उत्तर, स्थानक पडतच असतं ते, मी तीस वर्षं माझं म्हणून शिकवते. ती हसली. “मंग शिकव नं. माहं काय त्याच्यावर नाव कोरलं आहे?” तिला ते किती सहज होतं. माझा हेवा गेला असं मी लिहिणार नाही, तुम्हाला खोटं चालायचं नाही. तिची गाडी वळली तेव्हा मनात आलंच, की तुमच्याजवळ स्टँडवर उभी राहून ते वाक्य ऐकणारी तीच होती. ते माझ्याबद्दल होतं, आणि ऐकलं तिने.

हे मी शाळेच्या पाठांचं टाचण काढते त्या वहीच्या मागच्या कोऱ्या पानांवर लिहिलं आहे. फाडून पाकिटात घालावं असं आधी वाटलं होतं. पण पाकिटावर पत्ता कोणता लिहू? तिला पाठवता येईल. ती वाचेल आणि नीट जपूनही ठेवेल. नाही पाठवणार. एवढं एक तुमचं-माझं राहू दे, यात तिला वाटा नको. वही कपाटात ठेवते.

एक सांगायचं राहिलं. तिने तुमचं ते वाक्य सांगितलं तेव्हा मी म्हटलं होतं, “काय म्हणालीस? कुकरच्या शिटीत ऐकू नाही आलं.” तिने ते पुन्हा सांगितलं, शब्दाला शब्द, सावकाश. बाबा, कुकर तिच्या डोळ्यांसमोर सिंकमध्ये घासायला पडला होता. मला पहिल्या वेळीच नीट ऐकू आलं होतं.